साइट बदलली की मायटर सॉचे काप तिरके येतायत? सॉला पाना लावायच्या आधी स्टँड बघा

आधी लक्षणं सांगतो, तुमच्याशी जुळतायत का बघा.

बेळगावला वर्कशॉपमध्ये मायटर सॉ (पट्टी ठरलेल्या कोनात कापणारी विजेची करवत) एकदम बरोबर कापतोय, गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावला तर उजेडाची रेघसुद्धा दिसत नाही, आणि तोच सॉ त्याच स्टँडसकट छोट्या हत्तीत घालून खानापूरला नाहीतर निपाणीला साइटवर नेला की ४५ चे सांधे उघडे पडायला लागतात. चौकटीचे तीन कोपरे गच्च बसतात, चौथ्यात फट. लांब पट्टी कापताना अगदी शेवटाला ब्लेड चावतं, टक् करून आवाज येतो आणि काठ फाटतो. स्टॉपला (माप ठरवणाऱ्या अडणीच्या ठोकळ्याला) लावून एकाच मापाचे दहा तुकडे कापले आणि शेजारी शेजारी उभे केले तर त्यात दोन-तीन बुटके निघतात. पट्टी आडवी टाकून कापली तर ठीक, पण स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) उभं धरून कापलं की वरून खालपर्यंत पाव सुताचा फरक, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आणि सगळ्यात डोकं खाणारं लक्षण म्हणजे साइटवर फेन्स (पट्टी टेकवायची मागची उभी कड) ढिला करून नीट सेट केला की तिथं बरोबर येतंय, परत बेळगावात आणून लावला की पुन्हा वाकडं.

हे शेवटचं लक्षण असलं तर शंभरातल्या नव्वद वेळा सॉ चांगलाच असतो, बिघाड स्टँडमध्ये असतो. मी स्वतः हे कळायला दोन पावसाळे घालवलेत.

माझं स्टेशन काही भारी नाही. मध्ये १० इंची म्हणजे २५५ मिमीचा सॉ, खाली १८ मिमी प्लायची बैठक, दोन्ही बाजूला मीटरभर लांबीच्या घडीच्या विंग (लांब पट्टीला आधार देणाऱ्या फळ्या), चौकोनी पाइपचे चार घडीचे पाय आणि एका बाजूला दोन चाकं. गणपतीच्या चार दिवस आधी खानापूरकडं जांबोटी रोडला एका घरी मखराचं काम होतं, बाहेर पाऊस असा की अंगण दिसत नव्हतं, म्हणून स्टेशन पडवीत लावलं. पडवी जांभ्याची, जुनी, खड्डेखुड्डे. ७० मिमी रुंद पट्टीची चौकट केली, तीन कोपरे मस्त आणि चौथ्यात जवळजवळ एक सूत फट. त्या घरच्या काकू काही बोलल्या नाहीत, त्यांनी पर्समधलं दहाचं नाणं काढलं, आमच्याकडं दुकानात घ्यायला कुरकुर करतात तेच, आणि फटीत उभं घातलं. बसलं की हो ते. मी तिथल्या तिथं फेन्सचे बोल्ट ढिले केले, नवीन सेटिंग केलं, चौकट परत कापली, जुळली. दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये देवघराच्या पट्ट्या कापल्या तर सगळ्या वाकड्या. म्हणजे मी त्या पडवीच्या खड्ड्यासाठी सॉ सेट करून ठेवला होता.

म्हणून खालचा क्रम पाळा. फुकटचं आधी, पाना शेवटी. आणि हात घालायच्या आधी दर वेळी प्लग काढायचा, स्विच बंद आहे म्हणून चालत नाही.

पहिलं म्हणजे भुसा

हसू नका. बेड (पट्टी ठेवायचा सॉचा सपाट तळ) आणि फेन्स जिथं भेटतात त्या कोपऱ्यात, टेबल फिरवून ज्या खाचेत लिव्हर बसते तिथं, विंगच्या सांध्यात आणि स्टॉपच्या तोंडाशी, या चार जागा ब्रशनं साफ करा. तोंडानं फुंकू नका, डोळ्यात जातो. पावसाळ्यात आपल्याकडं भुसा कोरडा राहत नाही, पुट्टीसारखा घट्ट बसतो, ब्रशनं निघाला नाही तर आइस्क्रीमच्या काडीनं खरवडा. खाचेत एक चिपळी अडकली तरी लिव्हर बसल्यासारखी वाटते पण पूर्ण बसलेली नसते, काटा ४५ वर दिसतो आणि काप पाऊण अंशानं चुकतो. तुकडे बुटके येण्याचं कारण तर दहातल्या नऊ वेळा स्टॉपपुढचा भुसा. स्टॉपच्या ठोकळ्याचा खालचा काठ रंध्यानं ३ मिमी मारून टाका, भुशाला जायला जागा होते, हा प्रॉब्लेम परत येत नाही.

मग कापायची पट्टी बघा

लाकूडच वाकडं असलं तर सॉ काय करणार. एक डोळा मिटून पट्टीच्या काठावरून नजर टाका. आमचा हेल्पर हुक्केरीकडचा, तो प्रत्येक पट्टी डोळ्यासमोर धरून "नेट्टग ऐती री" म्हणतो, म्हणजे सरळ आहे, आणि दहातल्या दोन तरी सरळ नसतात पण त्याचा आत्मविश्वास बघून मी गप्प बसतो. बाक असलेली पट्टी कापायचीच असली तर फुगीर बाजू फेन्सकडं करा आणि कापाच्या रेषेवर पट्टी फेन्सला आणि बेडला चिकटलेली पाहिजे, तिथं पोकळी नको. उलटी धरली तर कापता कापता दोन्ही तुकडे आत मिटतात आणि ब्लेडला चिमटा बसतो. तो चिमटा नुसता काप बिघडवत नाही, तुकडा उडवतो. पीळ असलेली पट्टी मात्र सरळ बाजूला काढा, तिच्यावर माया करू नका.

आता सॉ की स्टँड हे ठरवायची टेस्ट

पूर्ण पोस्टमधली ही एकच गोष्ट केली तरी चालेल. १०० मिमीच्या आसपास रुंद, फूट-सव्वा फूट लांब, दोन्ही काठ समांतर असलेला प्लायचा तुकडा घ्या. विंग खाली पाडा नाहीतर बाजूला काढा, तुकडा फक्त सॉच्या बेडवर राहिला पाहिजे. क्लॅम्प लावा, हात ब्लेडपासून किमान १५ सेंमी लांब, ९० वर मधोमध कापा. आता एक अर्धा तुकडा उलटा करा, म्हणजे वरची बाजू खाली, आणि दोन्ही तुकडे सरळ पट्टीला टेकवून कापलेली टोकं भिडवा. बरोबर असलं तर उजेड दिसत नाही. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, म्हणून ही टेस्ट गुण्यापेक्षा बारीक पकडते.

आता विंग परत लावून चार-पाच फुटी पट्टीवर तेच करा. आखूड तुकडा बरोबर आणि लांब पट्टी चुकतेय तर सॉ निर्दोष, त्याच्या फेन्सला हात लावायचा नाही, म्हणजे नाहीच. दोन्ही सारखेच चुकतायत तरच सॉवर संशय घ्या, आणि तोही शेवटी.

जमीन आणि स्टँडचा पीळ

चार पायांचं काहीही उंचसखल जमिनीवर ठेवलं की तीन पाय टेकतात, चौथा अधांतरी. स्टँड डगमगला तर निदान कळतं तरी. वाईट स्टँड तो, जो वजनानं पिळून चारही पाय टेकवतो, हलत नाही, आणि आपल्याला वाटतं की मस्त बसलाय. पाय टेकतात पण वरची बैठक फळीसारखी पिळलेली असते, मग डावी विंग एका दिशेला झुकते, उजवी दुसऱ्या. पाणसळ मध्ये ठेवून हे कळत नाही, तिथं बुडबुडा मधोमधच दिसतो.

यावर दोऱ्याची युक्ती. विंगच्या चार टोकांवरून दोन बारीक दोरे कोपऱ्यातून कोपऱ्यात ताणून बांधा, मध्ये सॉ येतो म्हणून चारही टोकांना सारख्या उंचीचे ठोकळे ठेवून त्यावरून न्या, सॉचं डोकं खाली लॉक करून. दोरे जिथं एकमेकांवरून जातात तिथं नुसता स्पर्श झाला पाहिजे. मध्ये पोकळी राहिली किंवा वरचा दोरा खालच्याला दाबून वर चढला तर पीळ आहे. पोकळी मोजा, समजा ३ मिमी निघाली तर वरच्या दोऱ्याची दोन टोकं खालच्या दोऱ्याच्या टोकांपेक्षा सरासरी तेवढी उंच आहेत. त्या दोनातला जमिनीच्या उंचवट्यावर असलेला पाय खाली घ्यायचा किंवा खालच्या दोऱ्याच्या टोकाकडच्या पायाखाली पाचर मारायची.

पाचर मारून मारून कंटाळलो तेव्हा मी चारही पायांना खाली वेल्ड केलेला नट आणि त्यात एम १० चा बोल्ट बसवून घेतला. त्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे दीड मिमी. आता साइटवर गेलो की तीन पाय टेकवतो, चौथा बोटानं फिरवत नेतो आणि तो जमिनीला लागला की थांबतो, पाना लावून आवळत नाही, आवळलं की परत पीळ. हेल्परला घाई असते, त्याला "सोल्प तडी" म्हणून थांबवावं लागतं. पाच मिनिटांचं काम आहे. मऊ मातीच्या अंगणात पायांखाली प्लायचे हातभर तुकडे टाका, नाहीतर सकाळी जुळवलेलं जेवणापर्यंत खचतंय.

विंगची उंची आणि विंगचा फेन्स

आमच्याकडं येणाऱ्या दुरुस्तीच्या स्टँडमध्ये सगळ्यात जास्त हीच चूक असते म्हणून जरा जास्त लिहितो.

गवंडी वापरतात ती अॅल्युमिनियमची लांब पट्टी सॉच्या बेडवर आडवी ठेवा, विंगवर जाऊ द्या. विंग बेडच्या बरोबरीला पाहिजे, फार तर पत्त्याच्या पानाएवढी खाली, पण वर कधीच नको. पत्त्याचं पान साधारण ०.३ मिमी असतं, माझ्या स्टँडला चौकटची दुर्री दोऱ्यानं बांधून ठेवलीय, चौकटीच्या कामाला चौकटच. विंग वर असली तर पट्टी ब्लेडजवळ बेडवरून उचलली जाते. आडव्या पट्टीच्या जाडीत तो फरक दिसत नाही पण १०० मिमी उंच स्कर्टिंग उभं धरलं की लगेच दिसतो. आणि विंग जास्त खाली असली तर कापून झालेलं लांब टोक खाली कलंडतं, ब्लेडजवळचं टोक वर उचललं जाऊन ब्लेडला अडतं, तोच तो शेवटचा टक् आवाज. पट्टी दोन मीटरच्या पुढं गेली तर विंगच्या पुढं आणखी एक घोडा (आधाराचा स्टँड) लावा, तोही त्याच उंचीला.

आता विंगचा फेन्स. बऱ्याच जणांना वाटतं की तो सॉच्या फेन्सच्या अगदी रेषेत पाहिजे, मीही तसाच केला होता. पण घडीचा बिजागर आहे, टेम्पोत हादरे बसतात, रेषेत राहणार कसा? ब्लेडपासून २०० मिमीवर विंगचा फेन्स नुसता १ मिमी पुढं आला तर पट्टी जवळजवळ ०.३ अंशानं फिरते. ऐकायला काहीच नाही. पण चौकटीला आठ काप असतात, एकाच बाजूला ४५ लावून पट्टी उलटवत सगळे काप घेतले तर आठही चुका एकाच दिशेला साठतात, २.४ अंश, आणि ७० मिमी रुंद पट्टीवर शेवटच्या कोपऱ्यात ४ मिमी. म्हणजे एका सुताहून थोडं जास्तच. म्हणजे काकूंचं नाणं.

उलट एकदा डावीकडं ४५ आणि एकदा उजवीकडं ४५ असं टेबल फिरवून कापलं तर एक काप ४५.३ येतो, दुसरा ४४.७, कोपरा ९० च होतो, पण दोन तिरक्या तोंडांची लांबी एकेक मिमीनं जुळत नाही, एक टोक बाहेर डोकावतं. त्यामुळं कोपऱ्याला गुण्या बरोबर लागतोय पण टोक जुळत नाही असं झालं की समजा, पट्टी फेन्सवर फिरलीय.

इलाज सोपा आहे. विंगचा फेन्स सॉच्या फेन्सपेक्षा २-३ मिमी मागं सरकवून बसवा. पट्टीला सरळ धरायचं काम सॉच्या फेन्सचं, विंगच्या फेन्सनं फक्त स्टॉप आणि मापपट्टी सांभाळायची. हे केल्यापासून माझे अर्धे त्रास गेले, खर्च शून्य, चार स्क्रू काढून परत मारले एवढंच.

ब्लेड

प्लग काढून ब्लेड हातमोजा घालून हलवून बघा. बोल्ट ढिला असला तर आवळा, पण लक्षात ठेवा बऱ्याच मायटर सॉमध्ये हा बोल्ट उलट्या आट्याचा असतो, सॉवर बाण असतो तो बघा नाहीतर ढिला करायच्या नादात आवळून तोडाल. ब्लेड काढलंच आहे तर दोन्ही बाजूच्या चकत्या पुसा, चकतीखाली एक कण राहिला तर ब्लेडच्या टोकाला डुगडुग दिसते. दातांवर सागाचं तेल आणि फेविकॉल बसलेलं असतं, कोमट साबणाच्या पाण्यात टूथब्रशनं घासून लगेच कोरडं करा. २४ दातांच्या ब्लेडनं लॅमिनेट कापून काठ फुटला म्हणून स्टँडला शिव्या घालू नका, बारीक कामाला ६० तरी दात पाहिजेत. बोथट ब्लेड जोर लावल्यावर वाकतं आणि तिरक्या कापात तर हमखास बाजूला सरकतं. म्हणून मी ४५ चा काप दोनदा घेतो, आधी २ मिमी जास्त ठेवून, मग हलकेच शेवटचा पापुद्रा. काप संपला की स्विच सोडा, ब्लेड पूर्ण थांबू दे, मग डोकं वर.

पैसे लागणारी पहिली पायरी इथं येते, म्हणजे धार लावून घेणं किंवा नवं ब्लेड.

करंट

थोडक्यात सांगतो. १८०० वॅटचा सॉ २३० व्होल्टवर ८ अँपिअरच्या आसपास घेतो, चालू होताना त्याहून कितीतरी जास्त. फॅनला लावायच्या बारीक वायरीची ३० मीटर एक्स्टेंशन लावली तर मोटर घुरघुरते, फेरे पडतात, आपण दाबतो, ब्लेड वाकतं, काप तिरका. २.५ चौरस मिमीची तीन तारांची वायर घ्या आणि ड्रमवर गुंडाळलेली न ठेवता पूर्ण सोडा, गुंडाळलेली वायर तापते. खेड्यात संध्याकाळी बल्ब मंद झालेले दिसले आणि मीटरवर २०० च्या खाली आकडा आला की मी चहा मागवतो, बारीक काप सकाळी.

बैठक फुगलीय का

एवढं करून जमलं नाही तर सॉ उचलून खालची फळी बघा. एमडीएफ (दाबून केलेला बोर्ड) असली तर एक पावसाळा पुरतो, बोल्टच्या भोकाभोवती फुगवटा येतो, आणि सॉचे चार पाय चार उंचीवर. एक बोल्ट ढिला करा, त्या पायाखाली पत्त्याचं पान सरकलं तर तिथं पोकळी आहे, म्हणजे इतका वेळ बोल्ट सॉच्या बेडला ओढून धरत होता. तेवढ्या जाडीचा पत्रा किंवा वॉशर घाला, मग चारही बोल्ट कोपऱ्या-कोपऱ्यानं आलटून पालटून बेताचे आवळा. कायमचा उपाय म्हणजे आयएस ७१० शिक्क्याचा (पाण्यात टिकणारा) १८ मिमी प्लाय, काठ आणि भोकं आतून पॉलिशनं बंद, आणि खाली आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी देऊन खालून परत पातळ प्लाय, पेटीसारखं. नुसती जाड फळी पिळते, पेटी सहसा पिळत नाही आणि वजनालाही हलकी पडते. दिवसभराचं काम आहे, तयारीनं करा.

जाता-येता अजून एक, सॉ फेन्सला धरून उचलायचा नाही. डोकं खाली पिननं लॉक, टेबल शून्यावर लॉक, आणि हात बेडखाली.

आणि आता पाना

आखूड तुकड्याची टेस्टसुद्धा चुकली तरच. प्लग काढून डोकं खाली लॉक करा, गुण्याची एक बाजू फेन्सला, दुसरी ब्लेडच्या अंगाला, दातांना नाही, कारण दात अंगापेक्षा बाहेर असतात आणि गुण्या खोटं सांगतो. फेन्सचे बोल्ट ढिले करून जुळवा, एकेक थोडा थोडा आवळा, आवळताना फेन्स सरकतो. मग उलट्या तुकड्याची टेस्ट परत. काट्याची खूण सगळ्यात शेवटी हलवा, काटा बघून फेन्स जुळवायचा नसतो. उभा काटकोन बिघडला असला तर बेव्हलच्या (ब्लेड बाजूला कलवायच्या) शून्याचा थांबा स्क्रू तसाच, गुण्या बेडवर उभा करून. हे काम शॉपमधल्या सपाट टेबलावर करा, साइटवर नाही.

इथं थांबायचं

ब्लेड काढून शाफ्ट बोटांनी वर-खाली ओढल्यावर कडकड लागली तर बेअरिंग गेलंय, ते घरी ठोकून काढू नका. सरकणाऱ्या सॉचं डोकं पूर्ण पुढं ओढून बाजूला हलवल्यावर खेळ लागतो आणि लॉकचे बोल्ट आवळूनही जात नाही, बेडच्या ओतकामाला बारीक का होईना तडा दिसतोय, ब्लेडवरचं संरक्षक गार्ड आपोआप खाली येत नाही, स्विच सोडल्यावर मोटर चालूच राहते, कार्बन ब्रश बदलूनही ठिणग्यांचा वास येतोय, यातलं काहीही असलं तर सॉ वापरणं बंद आणि पॉवर टूल दुरुस्त करणाऱ्याकडं. गार्ड तारेनं वर बांधून काम उरकणारे मी बघितलेत, त्यातल्या एकाचं बोट पण बघितलंय.

पाइपची फ्रेमच वाकली असली, म्हणजे सपाट फरशीवर बोल्ट समान ठेवूनही दोरे जुळत नाहीत, तर आपण वाकवायला जायचं नाही. बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशनवाले आहेत, सरफेस प्लेटवर (अचूक सपाट टेबलावर) ठेवून सरळ करून देतात. आणि सॉच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर रबरी चप्पल घालून काम पुढं न्यायचं नाही, प्लग काढायचा आणि त्या घराचं अर्थिंग बघायला इलेक्ट्रिशियन बोलवायचा, सॉ दुसऱ्या घरी बरोबर चालला तरीसुद्धा.

मेकॅनिककडं जाताना टेस्टचे दोन्ही तुकडे, आखूड आणि लांब, बरोबर न्या. त्यावर पेन्सिलीनं वरची बाजू आणि फेन्सची बाजू लिहा. नाहीतर तो त्याच्या टेबलावर एक तुकडा कापतो, बरोबर येतो, आणि सॉ तसाच परत मिळतो.